कोकणात सायकल चालवायची तर संपणारा रस्ता निवडा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्याहून तुम्ही तिघे मित्र, वयं पन्नाशीच्या आसपास, डिसेंबरमधले चार दिवस हाताशी. समुद्रकाठचा रस्ता नको, कारण सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रीघ असते. हायवे तर नकोच. म्हणून तुम्ही नकाशावर सह्याद्रीच्या पायथ्याने खेडपासून सावंतवाडीपर्यंत एक रेघ ओढली आहे, रोजचे नव्वद किलोमीटर धरले आहेत आणि विचारताय, की हा रस्ता शांत मिळेल का. शिवाय एका मित्राचा गुडघा कुरकुरतो, आणि पहाटे पाचला अंधारात निघालं तर चालेल का, असेही दोन प्रश्न आहेत.

मी देवरुखला राहते. गेली अठरा वर्षं या पट्ट्यात सायकल चालवते आणि बाहेरून येणाऱ्या छोट्या गटांसोबत जाते. त्यामुळे दर हिवाळ्यात ही रेघ मला कोणी ना कोणी दाखवतं. तिच्यावर सलग रस्ता नाही. जिथे तुकडे आहेत तिथे ते जोडायला वाटेल तसे चढ आहेत. हे आधी नीट समजून घेतलं, तर पुढचं सगळं नियोजन सोपं होतं.

उजवा पंजा टेबलावर पालथा ठेवा आणि बोटं पश्चिमेकडे करा. मनगट म्हणजे सह्याद्रीची भिंत. बोटं म्हणजे तिच्यातून समुद्राकडे उतरत गेलेल्या डोंगराच्या सोंडा. बोटांमधल्या फटी म्हणजे खोरी, आणि प्रत्येक फटीत एक नदी: जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना, असं दक्षिणेकडे मोजत जायचं. या नद्या घाटाखाली जन्मतात आणि थोडंसं अंतर धावून समुद्राकडे जातात. माणसं नदीकाठाने वसली, रस्तेही नदीकाठाने झाले. म्हणून इथले स्वाभाविक रस्ते पूर्व-पश्चिम आहेत. तुमची रेघ उत्तर-दक्षिण आहे, म्हणजे प्रत्येक बोट आडवं ओलांडायचं. मुंबई-गोवा हायवे नेमकं तेच करतो, म्हणून त्याच्यावर कशेडी, परशुराम असे घाट लागतात. पायथ्याने जायचं म्हटलं तर तुम्हाला एकेक सोंड दीडशे-दोनशे मीटर चढून पलीकडे उतरावी लागेल, किंवा दर खोऱ्यातून परत हायवेवर यावं लागेल. दोन्हींत शांतता हरवते. पहिल्यात दम लागून, दुसऱ्यात कंटेनरच्या वाऱ्याने.

मी सगळ्यांना जो नियम सांगते तो असा: जो रस्ता डोंगरापाशी जाऊन संपतो, तो घ्यायचा.

त्यामागचा हिशेब साधा आहे. कोकणातल्या रस्त्यावर वाहन येतं ते एक तर तिथे राहणाऱ्याचं किंवा तिथून पुढे जाणाऱ्याचं. राहणारे थोडे असतात. त्यांच्या दुचाकी, दोन-तीन एसटी फेऱ्या, दुधाचा टेम्पो, काजू-आंब्याच्या दिवसांत पिकअप, एवढंच. गर्दी करतात ते पुढे जाणारे. कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली हे घाट कराड, कोल्हापूर, बेळगावकडचा माल खाली आणतात आणि खालचा वर नेतात. त्यामुळे त्यांच्या पायथ्याचे रस्ते नकाशावर कितीही हिरवे दिसले तरी ट्रकचेच. साखरपा हे त्याचं उदाहरण. आंबा घाटाच्या तोंडाशी वसलेलं सुंदर गाव, पण भर दुपारी त्या मुख्य रस्त्यावर मी नवख्या माणसाला सायकल चालवायला सांगणार नाही. तिथून पाचच किलोमीटर आत शिरा, डोंगरापाशी थांबणाऱ्या कुठल्याही फाट्याला लागा, की अर्धा तास एक गाडी दिसत नाही.

याला एक अपवाद मला माहीत आहे आणि तोही नियमातच बसतो. खेडहून खोपीमार्गे रघुवीर घाट वर चढतो. तो घाट असूनही शांत आहे, कारण वर गेल्यावर तो कांदाटी खोऱ्यातल्या मोजक्या गावांपाशी थांबतो. पलीकडे कोयनेच्या शिवसागराचं पाणी आहे, पुढे जायला वाट नाही. ट्रकला तिथे कामच नाही. मात्र चढ उभा आहे आणि पावसाळ्यात तिथे दरडीही येतात, धबधबे बघायला माणसंही. डिसेंबरात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, ताकदवान पाय असतील तरच.

आता संपणारा रस्ता ओळखायचा कसा? मी दोन गोष्टी बघते. पहिली, कडेचा किलोमीटरचा दगड. माथा पिवळा असला तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असला तर राज्यमार्ग, काळा किंवा निळा असला तर जिल्ह्याचा रस्ता, नारिंगी असला तर ग्रामसडक योजनेतला गावरस्ता. आपल्याला काळा आणि नारिंगी हवा. दुसरी, आणि जास्त भरवशाची, एसटीची पाटी. स्टँडवरच्या कंट्रोलरला विचारायचं, की अमुक बाजूची शेवटची गाडी कुठे मुक्कामाला जाते. जिथे एसटी वस्तीला जाते तिथपर्यंत डांबर आहे, वळायला जागा आहे आणि रस्ता तिथेच संपतो, हे तिन्ही एका उत्तरात कळतं.

गावात विचारताना "रस्ता पुढे जातो का?" असं विचारू नका. उत्तर "जातो की" असंच येईल आणि ते खरंच असेल, कारण पाखाडीची पायरी उतरून, साकवावरून, पलीकडच्या वाडीत माणूस जातोच. "टेम्पो जातो का?" असं विचारा. फोनवरच्या नकाशाचंही तसंच. त्याने मला एकदा चक्क आंब्याच्या बागेच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, नेऊन सोडलं आहे.

यावर नेहमीची तक्रार येते: गेलो त्याच रस्त्याने परत यायचं, मग मजा काय? मला ही तक्रार कळते, पण खोऱ्यात ती टिकत नाही. जाताना समोर भिंत असते. डिसेंबरात सूर्य सह्याद्रीच्या मागून उशिरा वर येतो, त्यामुळे पायथ्याच्या वाड्यांवर आठ-साडेआठपर्यंत सावली असते, नदीवर धुकं असतं आणि थंडी हाताच्या बोटांना जाणवते. भात निघून गेलेल्या मळ्यांत, उरलेल्या ओलीवर कुळीथ आणि पावटा उभा असतो. परत येताना तोच मळा उन्हात असतो, खोरं समोर उघडत जातं आणि हलका उतार सायकल आपणहून पुढे नेतो. दोन वेगळे प्रवास होतात.

वाऱ्याचा भाग मात्र ध्यानात ठेवायलाच हवा. रात्री-पहाटे डोंगराकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, तो मंद असतो. दुपार झाली की खारे वारे समुद्राकडून आत शिरतात आणि नदीच्या खोऱ्यातून सरळ वर चढतात. म्हणजे उशीर केलात तर परतीचा उतार वाऱ्याने खाऊन टाकलेला असतो. सकाळी वर, अकरा-साडेअकराच्या आत खाली. एवढ्या एका सवयीने दिवस सोपा होतो.

आता खोरी. सगळी सांगत नाही. जी मी पुन्हा पुन्हा करते तीच सांगते.

शास्त्री नदीचं खोरं मला सगळ्यांत प्रिय. संगमेश्वरच्या पुलाजवळून कसब्याला वळायचं. तिथे कर्णेश्वराचं जुनं दगडी मंदिर आहे, कोरीवकाम थांबून बघण्याजोगं. १६८९ मध्ये संभाजी महाराज पकडले गेले ते याच संगमेश्वरात, त्यामुळे इथे येणारे बहुतेक जण कसब्यापर्यंत येतात आणि परत फिरतात. तुम्ही पुढे जा. नायरीवरून रस्ता नदीला धरून शृंगारपूरपर्यंत जातो आणि प्रचितगडाच्या पायथ्याशी थांबतो. शृंगारपूर म्हणजे येसूबाईंचं, शिर्क्यांचं माहेर. एवढ्या आडगावाला इतकं महत्त्व कसं, असं वाटेल. पण गाडीरस्ता जिथे संपतो तिथूनच जुनी पायवाट घाट चढून देशावर जायची. त्या काळी हे वाटेच्या शेवटचं नाही, वाटेच्या तोंडाशी असलेलं गाव होतं. शेवटच्या काही किलोमीटरमध्ये कडे इतके जवळ येतात, की मान वर करावी लागते. बारीक चढउतार आहेत, पण एकही चढ असा नाही की उतरून ढकलावं लागेल.

दुसरं बाव नदीचं. देवरुखहून मारळमार्गे मार्लेश्वर. एका बाजूचं अंतर अठरा किलोमीटरच्या आसपास. रस्ता खाली-वर होत जातो आणि शेवटी धारेश्वरचा धबधबा नि काळा कातळ समोर येतो. देवस्थान असल्यामुळे सोमवारी आणि सुट्टीला गाड्या असतात. संक्रांतीला मार्लेश्वर आणि गिरिजादेवीचा विवाहसोहळा होतो, तेव्हा जानेवारीच्या त्या तीन-चार दिवसांत हा रस्ता यात्रेचा असतो, सायकलचा नाही. तुमच्या डिसेंबरात मंगळवार ते गुरुवार बघा. याच तळावरून दुसऱ्या दिवशी महिमतगडाच्या बाजूला निगुडवाडीकडे जाता येतं. तो मार्ग जास्त चढाचा आहे, पण तिथे मला क्वचितच चारचाकी भेटते.

राजापूर तालुक्यात ओणीहून रायपाटण, पाचलकडे जाणारा रस्ता अर्जुना नदीच्या बाजूने आहे आणि छान आहे. पण तो पुढे अणुस्कुरा घाटाला लागतो, म्हणजे संपणारा नाही. आंबा घाटाइतकी वाहनं नसतात, तरी असतात. पाचलपर्यंत जाऊन आतल्या फाट्यांना शिरा.

दक्षिणेला माणगाव खोरं. कुडाळहून झारापमार्गे माणगावात या. टेंबे स्वामींचं, म्हणजे वासुदेवानंद सरस्वतींचं हे जन्मगाव. दत्तमंदिर आहे, भक्तनिवास आहे, साधं स्वच्छ राहणं होतं. इथून दुकानवाड, शिवापूरकडे निर्मला नदीच्या काठाने रस्ता आत आत जातो. मनोहर-मनसंतोष गडांची जोडी डोक्यावर दिसायला लागली की समजायचं, शेवट आला. हे खोरं शास्त्रीच्या मानाने मऊ आहे. माड-पोफळीच्या बागा, पाण्याचे पाट, रस्त्यावर सावली. गुडघा दुखणाऱ्या मित्राला इथे आणा.

आणि संपत नसूनही मी सुचवेन असा एकच: सावंतवाडी तालुक्यातला दाणोली ते बांदा. हा जिल्ह्याचा रस्ता आंबोली घाटाच्या पायथ्याला सुटतो आणि बावळाट, विलवडे अशा गावांतून तेरेखोल नदीच्या खोऱ्याने उतरतो. जड वाहनांना मोठे रस्ते सोयीचे पडतात, म्हणून हा सुटला आहे. आंबोली ६९० मीटरवर आहे. घाट चढायचाच असेल तर आठवड्याच्या मधल्या सकाळी चढा, पावसाळी शनिवार-रविवारी अजिबात नको. तिलारीचं खोरं देखणं आहे, पण त्या भागात रानटी हत्ती फिरतात. स्थानिक माणूस सोबत असल्याशिवाय मी तिथे कोणाला पाठवत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुमचे नव्वद किलोमीटर हे देशावरचे नव्वद आहेत. पुण्याहून सोलापूरच्या दिशेने ते सहज होतात. इथे रस्ता सपाट दिसतो पण पऱ्या, म्हणजे ओढा, आला की खाली, मोरी ओलांडली की वर, असं दिवसभर चालतं. माझ्या गटांचा अनुभव असा, की नियमित चालवणारी पन्नाशीची माणसं रोज पन्नास-साठ किलोमीटरमध्ये खूश असतात आणि संध्याकाळी गप्पा मारण्याइतकी शिल्लक राहतात. तुमच्यापैकी कोणी सिंहगडाचा चढ न थांबता करत असेल तर हा आकडा वाढवा.

सायकल रोड बाइक असली तरी चालेल, फक्त टायर २८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. बत्तीस असेल तर उत्तम. जांभ्याची बारीक खडी वळणावर पसरलेली असते. दुसरा त्रास काट्यांचा. या दिवसांत बागांच्या वई, म्हणजे काटेरी कुंपणं, नव्याने घालतात आणि काटेरी फांद्यांचे तुकडे रस्त्यावर पडतात. माणशी दोन ट्यूब ठेवा. मागची सर्वांत मोठी चकती ३२ दात्यांची तरी असावी, गुडघ्याच्या मित्राची ३४ असली तर बरं. त्यांनी बसून, हलक्या गिअरवर, पाय भराभर फिरवत चढायचं. उभं राहून जोर लावायचा नाही.

महिन्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हा धागा वाचून कोणी जुलैत येईल म्हणून लिहिते. पावसाळ्यात पायथ्याला येऊ नका. २२ जुलै २०२१ च्या पावसात चिपळूण बुडालं आणि महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. पायथा म्हणजे काय, हे त्या दिवसाने सगळ्यांना दाखवलं. माझं स्वतःचं सांगते. एका ऑगस्टमध्ये, पाऊस उघडला म्हणून निघाले. वाडीच्या उतारावर सिमेंटचा रस्ता होता, रोज बघण्यातला. त्याच्यावरून पाण्याचा पातळ ओघळ वाहत होता आणि खाली शेवाळ धरलं होतं. ब्रेक लावला त्या क्षणी दोन्ही चाकं एकदम गेली. खांद्याचं हाड मोडलं, अडीच महिने घरी. तेव्हापासून डांबर संपून सिमेंट सुरू झालं, की डिसेंबरातसुद्धा मी आधी वेग कमी करते. वाड्यांच्या आतले उभे उतार बहुतेक सिमेंटचेच असतात आणि नळाचं पाणी त्यांवर बारा महिने वाहतं. मार्चनंतर ऊन आणि दमटपणा वाढतो, शेतं भाजतात त्या भाजावळीचा धूर खोऱ्यात साठतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी, हाच खरा काळ.

खाणंपिणं सोपं आहे, वेळ सांभाळली तर. सकाळी तिठ्यावरच्या टपरीत उसळपाव, भजी, चहा मिळतो. एक ते चार दुकानं बंद असतात, ती उघडी असतील असं धरून चालू नका. पाणी मागितलं तर कोणत्याही घरात मिळतं. कोकम सरबतात चिमूटभर मीठ टाकून घेतलं तर पायात गोळे येत नाहीत, हा माझा अनुभव. खोऱ्याच्या शेवटी मोबाइलला रेंज नसते, म्हणून रोख पैसे, सुटे, खिशात हवेतच. काही झालं तर १०८ ला फोन लावायलाही आधी रेंजच्या ठिकाणी यावं लागतं. तिघांनी फार अंतर ठेवू नका.

मग तुमचे चार दिवस असे. दोन दिवस देवरुखला मुक्काम: एक शास्त्रीचा, एक बावचा. शास्त्रीच्या दिवशी संगमेश्वरपर्यंत सायकली गाडीत घालून न्या, तो तुकडा वर्दळीचा आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी छोटा टेम्पो करून सायकलींसह कुडाळ, माणगाव. रेल्वेने जाता येतं, पण संगमेश्वर रोडसारख्या स्टेशनवर गाडी जेमतेम दोन मिनिटं थांबते. तेवढ्यात तीन सायकली चढवण्याची धांदल मला पटत नाही. दुपारपर्यंत पोहोचून विश्रांती, संध्याकाळी जवळपास एक छोटी फेरी. चौथ्या दिवशी शिवापूर. मधली सोंड ओलांडायचा हट्ट सोडलात की हे अगदी आरामात बसतं, आणि तुमच्या मित्राच्या गुडघ्यालाही मधला एक दिवस सुट्टी मिळते.

राहिला पहाटे पाचचा प्रश्न. माझं उत्तर नाही असं आहे, आणि कारण फक्त अंधार नाही. पायथ्याच्या पट्ट्यात गवे रात्री मळ्यात उतरतात आणि उजाडताना रस्ता ओलांडून रानात जातात. सायकलला आवाज नसतो, त्यामुळे गवा आणि माणूस एकदम समोरासमोर येतात. दुसरं कारण एसटीचं. शेवटच्या वाडीत रात्री वस्तीला राहिलेली गाडी सकाळी सहाच्या सुमारास तालुक्याकडे निघते. रस्ता एका गाडीपुरता, वळणं आंधळी, आणि समोरून कोणी येईल हे ड्रायव्हरच्या मनातही नसतं. म्हणून फाट्यावरच्या टपरीत चहा घेत थांबा. ती गाडी दुधाचे कॅन आणि शाळेची मुलं घेऊन खाली आली, तिने फाटा ओलांडला, की सायकलवर बसा. पुढची फेरी वर येईपर्यंत तो रस्ता मोकळा असतो.